खंडेनवमीची हत्यारपूजा आणि दसऱ्यानंतरचा हातकामाचा मेळावा, पुणे : वृत्तांत आणि चर्चा

सागरेषा

नमस्कार मंडळी,

दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्यातल्या शिवणे भागात आपल्यातल्याच एकांच्या शेडमध्ये मेळावा झाला. ज्यांना येता आलं नाही त्यांनी वृत्तांत मागितला होता, म्हणून सविस्तर लिहितोय. फोटो बाकीचे टाकतीलच.

तारखेवरून आधी बराच खल झाला होता. हत्यारांचा सण खंडेनवमीचा, मग मेळावा त्याच दिवशी हवा असं काहींचं म्हणणं. पण ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या सुतारकाम आहे त्यांनी सांगितलं, आमच्याकडे नवमीला पूजेत मांडलेलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत. त्याला विश्रांती. दसरा झाला की मग काम. मला हे मनापासून पटलं. पूजेतली पटाशी उचलून तिनेच लाकूड कापून दाखवायचं, हे बरं दिसलं नसतं. म्हणून पूजा ज्याने त्याने आपल्या घरी केली आणि रविवारी सगळे धार लावायला आणि लाकूड कापायला जमले.

शेडच्या दाराला झेंडूचं तोरण, आत विश्वकर्म्याची तसबीर, आल्याआल्या प्रत्येकाच्या हातात आपट्याची पानं. नियम एकच होता : दिवसभर एकाही यंत्राचं बटण दाबायचं नाही. प्लेनर आणि कटर मशीन चादरी टाकून झाकले होते. लांब ओट्यावर सगळ्यांनी आपापली हत्यारं मांडली. पाचरीचे शिसवी रंधे, चार आणि पाच नंबरच्या मापाचे लोखंडी रंधे, करवती, गुण्ये, गिरमिटं, आजोबांच्या वेळचा एक वाकस. जुन्या बाजारातून आणून गंज काढलेल्या पटाशा तर कितीतरी.

पहिले दोन तास फक्त धार. काही जणांना हे कंटाळवाणं वाटलं, पण माझं मत पक्कं आहे : नवीन माणूस हातकाम सोडतो तो बोथट पटाशीमुळे. दुकानातून आणलेल्या पटाशीच्या पाठीवर कारखान्यातले ओरखडे तसेच असतात. पाठ सपाट नसेल तर पुढून कितीही घासा, धार येत नाही. काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पाठीचा टोकाकडचा इंचभर भाग आधी सपाट करायचा. मग २५ अंशांचा उतार आणि अगदी टोकाला ३० अंशांची बारीक पट्टी. दगड आधी १००० नंबरचा, नंतर ६००० किंवा ८०००, शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर हिरवी पेस्ट. पहिल्या दगडावर घासताना पाठीकडून बोट फिरवलं की बर, म्हणजे धारेवर मागे वळलेली पोलादाची बारीक कड, लागली पाहिजे, तीही पात्याच्या सगळ्या रुंदीत. त्याआधी दगड बदलला तर पुढची मेहनत वाया. धार तपासायला पाइनच्या तुकड्याचं आडवं टोक सोलून बघायचं. मऊ लाकडाचे तंतू बोथट पात्याखाली चुरगळतात आणि पांढरट दिसतात, चांगल्या धारेखाली स्वच्छ कापले जाऊन चमकतात. हाताचे केस कापून बघण्यापेक्षा ही परीक्षा कितीतरी खरी.

दुपारी श्रीखंड-पुरी, मसालेभात. त्यानंतर जे झालं त्यासाठी हा धागा काढलाय.

मुळशीकडच्या एका ज्येष्ठ सुतारकाकांना आम्ही बोलावलं होतं. त्यांनी पोथी ठेवायचं घडीचं स्टँड एकाच फळीतून करून दाखवलं. बिजागरी नाही, खिळा नाही, दुसरा तुकडा नाही. फळी सागाची, पाऊण इंच जाड. टेबल दिलं होतं, पण काका खाली बसले. फळी दोन्ही पावलांच्या मध्ये धरली. फळीच्या आडव्या अंगाला मध्यावर बिजागरीचे दात आखून घेतले. एका बाजूने एक सोडून एक दात पटाशीने निम्म्या जाडीपर्यंत उतरवला, फळी उलटी केली आणि मधले राहिलेले दात त्या बाजूने. दातांच्या कडा गोल केल्या. दातांमधले उभे काप बारीक करवतीने घेतले. मग फळी उभी धरून दोन्ही टोकांकडून तिच्या जाडीतच करवत घातली, थेट बिजागरीपर्यंत. पाऊण इंचाच्या फळीचे आतल्या आत दोन पदर. करवत जरा जरी तिरकी गेली तर एक पदर जाड, एक पातळ, आणि दात तुटलाच समजा. काकांनी दर चार-पाच हातांनंतर फळी फिरवली, म्हणजे काप दोन्ही कडांकडून सारखा उतरत गेला.

शेवटी फळी लगेच उघडली नाही. आमच्यातल्या एकाने मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, पुढे केली. काकांनी ती बाजूला ठेवली, उजेडाकडे धरून कुठला दात अडलाय ते बघितलं, तिथे पातळ पातं सरकवलं, दोनदा हलवलं, आणि पुस्तक उघडावं तशी फळी उघडली. शेडमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. काका म्हणाले, "जोर लावायचा नसतो. अडलंय कुठं ते बघायचं."

आता मुद्द्याचं. काकांना आम्ही दिवसाचं मानधन दिलं, ते साइटवर जी मजुरी घेतात त्यापेक्षा जास्त, आणि येण्याजाण्याचा खर्च वेगळा. यावर नंतर ग्रुपवर थोडी कुरबूर झाली. "सणाचा मेळावा आहे, शाल-श्रीफळ पुरे होतं" असा सूर होता. मला हे अजिबात मान्य नाही. आपण शनिवार-रविवारी हौसेने जे करतो ते त्यांचं पोट आहे. एक दिवस आपल्याकडे आले म्हणजे त्यांचा एक दिवसाचा रोज बुडाला. शाल-श्रीफळ जरूर द्यावं, पण मानधनाच्या सोबत, त्याच्या जागी नाही. यापुढच्या प्रत्येक मेळाव्यात शिकवणारा कारागीर असावा आणि त्याचा मोबदला खर्चाच्या यादीत जेवणाच्याही वर लिहिलेला असावा, असा माझा आग्रह आहे. तुमचं मत कळवा.

पेठेतला_रंधा

वृत्तांत सुरेख. मानधनाला पूर्ण पाठिंबा. पुढच्या वेळी वर्गणी वाढवावी लागली तरी चालेल.

बाभूळगाठ

मी सुतार घरातला. वडील आणि चुलते अजून काम करतात, मी नोकरी करतो आणि घरी हातकाम. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पूर्वी गावात सुतार बलुतेदार होता. नांगर, कुळव, पाभर, गाडी, सगळ्यांची दुरुस्ती वर्षभर करायची आणि सुगीला खळ्यावर धान्य घ्यायचं. त्या व्यवस्थेत मान होता आणि अडवणूकही होती. पीक बुडालं की बलुतं बुडालं, आणि मागायला दारोदार जावं लागायचं. शाल-श्रीफळाची गोष्ट निघाली की आमच्या घरच्यांना ते दिवस आठवतात. रोख मानधन ठरवून, आधी सांगून दिलं, हे फार चांगलं केलंत.

दुसरं. हातहत्यारांवर आपलं सगळ्यांचं प्रेम आहे, पण इलेक्ट्रिक रंधा घरात आला तेव्हा माझ्या वडिलांना आनंद झाला होता. दिवसभर सागाच्या चौकटी हातरंध्याने साफ करणाऱ्या माणसाचे खांदे पन्नाशीत जातात. त्यामुळे मेळाव्यात यंत्रं झाकून ठेवा, जरूर ठेवा, पण यंत्र वापरणाऱ्या कारागिराला कमी समजू नका. त्याला हातकाम येतं म्हणूनच यंत्रावरचं कामही नेटकं होतं.

सागरेषा

@बाभूळगाठ, तुमचा दुसरा मुद्दा मी मेळाव्याच्या पत्रकातच घालायला सांगतो. अगदी बरोबर आहे.

डोंगरउतार

पूजेबद्दल एक कळकळीची सूचना. नवमीला ओल्या बोटाने हळद-कुंकू पात्यांवर लावतात, वर पाणी शिंपडलेली फुलं ठेवतात आणि दसऱ्यापर्यंत कोणी हात लावत नाही. नवरात्रात पुण्यात हवा बऱ्याचदा दमट असते. दुसऱ्या दिवशी फूल उचललं की खाली गंजाचा ठिपका. चांगल्या पोलादाच्या पात्यावर तो ठिपका धारेपाशी पडला तर खड्डा होतो आणि मग तेवढं पातं झिजवून काढावं लागतं.

हळदीकुंकू

पण म्हणून कुंकू लावायचंच नाही का? आमच्याकडे सासूबाई स्वतः माझ्या पटाशांची पूजा करतात. या वर्षी त्यांनी माझ्या करवतीला वाहायला झेंडूची वेगळी माळ ओवली. घरातल्या सुनेचं हत्यार पूजेत मांडलं जातं, याचं मला फार अप्रूप आहे. ते मी सोडणार नाही.

डोंगरउतार

ताई, सोडायचं अजिबात नाही. आमच्याकडे असं करतात : पूजेआधी पातं पुसून तेलाचा हात फिरवायचा. कुंकवाचं बोट लाकडी मुठीला किंवा रंध्याच्या अंगाला, पात्याला नाही. फुलं कोरडी करून मुठीपाशी. दसऱ्याला उचलताना परत एकदा कोरडं फडकं आणि तेल. पूजाही नीट होते, पोलादही राहतं.

हळदीकुंकू

हे छान आहे. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्यांनाही पटलं. तेल कुठलं? घरात खोबरेल असतं.

डोंगरउतार

शिलाई मशीनचं तेल घ्या. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे आपल्याकडच्या हिवाळ्यात पात्यावर त्याचा पांढरा थर बसतो. पावसाळ्यात पेटीत कापराच्या वड्या ठेवणारेही बरेच जण आहेत, पण मुख्य भिस्त तेलावरच ठेवा.

नवशिका_कोथरूड

मी मेळाव्याला आलो होतो, पहिल्यांदाच. ज्यांनी पाच नंबरचा रंधा हातात दिला आणि शेजारी उभं राहून शिकवलं, त्यांचे आभार. रंध्यातून पहिली अखंड ढलपी, लाकडाचा पातळ पापुद्रा, निघाली तेव्हा जो आवाज आला तो कानातून जात नाहीये.

प्रश्न : सागावर रंधा मारताना काही ठिकाणी लाकूड उपटून येत होतं. फळी फिरवली की ती जागा साफ व्हायची, पण दुसरीकडे उपटायचं. असं का? आणि सुरुवातीला नेमकं काय काय घ्यावं?

चिपब्रेकर

उपटणं हा रेषेचा खेळ आहे. लाकडाचे तंतू पृष्ठभागाला समांतर नसतात, थोडे वर येतात किंवा आत जातात. पातं तंतूंच्या चढत्या दिशेने गेलं तर कापतं, उलट गेलं तर पात्याच्या पुढे तंतू उचकटतात. फळीची कड बघा, तिथे रेषा कुठे चढते ते दिसतं, त्या दिशेने रंधा न्या. पण एकाच फळीत रेषा दोन्हीकडे वळत असेल तर दिशा बदलून भागत नाही.

तिथे वरचं पातं, म्हणजे चिपब्रेकर, कामाला येतं. बहुतेक जण ते धारेपासून दीड-दोन मिलिमीटर मागे बसवतात, आणि तेवढ्या अंतरावर त्याचा काहीच उपयोग होत नाही. शेवटच्या सफाईसाठी ते धारेपासून ०.२ ते ०.४ मिलिमीटरवर आणून बघा. ढलपी कापल्याकापल्या वरच्या पात्यावर आदळून पुढे वाकते, त्यामुळे तिला तंतू मागून उचकटून काढायला वाव मिळत नाही. ढलपी गुंडाळी न होता सरळ उभी वर यायला लागली की अंतर बरोबर जमलं. जपानमध्ये यामागाता विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी भिंगाखाली याचं चित्रीकरण केलेलं आहे. जरूर पाहा, एकदा पाहिलं की विसरता येत नाही.

वरचं पातं खालच्या पात्यावर अगदी घट्ट बसलं पाहिजे, बरं का. दोन्ही जोडून उजेडाकडे धरा. मधून उजेड दिसला तर तिथे ढलपी अडकणार. वरच्या पात्याची कड दगडावर सपाट करून घ्या.

आणि साग धार लवकर खातो, त्यात तुमची काही चूक नाही. सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो. मधूनमधून चामड्यावर दोन हात मारत राहा.

जुना_बाजार_रविवार

सुरुवातीला काय घ्यावं, यावर माझं मत : कमी घ्या. एक पाच नंबरचा रंधा, पाव, अर्धा आणि एक इंचाच्या पटाशा, एक बारीक दातांची करवत, गुण्या, मार्किंग गेज आणि धारेचे दगड. अनंत किंवा ग्रोझचा नवीन रंधा चालतो, फक्त तळ आणि पातं नीट करायला एक दिवस द्या. जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी लवकर गेलात तर जुने रंधेही मिळतात. घेताना तळाला तडा आहे का बघा, विशेषतः तोंडापाशी. गंज निघतो, तडा जात नाही. पात्यात अजून किती पोलाद उरलंय तेही बघा.

मोगरी विकत घेऊ नका. बाभळीचा तुकडा मिळवा आणि स्वतः करा. पहिलं काम म्हणून त्याहून चांगलं काही नाही.

नवशिका_कोथरूड

मनापासून धन्यवाद. लाकूड कुठून घ्यावं? भवानी पेठेत टिंबर मार्केटला गेलो तर सगळे घनफुटात बोलतात आणि मला हव्या असतात दोन फळ्या.

पेठेतला_रंधा

तिथेच, पण दुपारच्या शांत वेळेला जा आणि तुकडे मागा. चौकटी कापून उरलेले सागाचे तुकडे आपल्यासारख्यांना पुष्कळ होतात. दुसरा मार्ग पाडकामाचा. जुने वाडे पडतात तेव्हा कड्या, वासे, दारं विकायला येतात. इतकी वर्षं हवा खाल्लेला साग नंतर फारसा हलत नाही. पण करवत लावण्याआधी चुंबक फिरवा. आत मोडलेले खिळे असतात, आणि एका खिळ्याने सगळं पातं जातं.

वाड्यांवरून आठवलं. धार आणि रंधा शिकलात, आता एक दिवस काढून विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी भागाखाली उभे राहा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातलं काम आहे. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब आणि वर केळफुलाचं कोरीवकाम. नुसतं "काय सुंदर" म्हणून पुढे जाऊ नका. पटाशी कुठल्या बाजूने आली असेल, रेषा कुठे उलटी गेली असेल, तिथे त्या माणसाने काय केलं असेल, ते शोधा. मग केळकर संग्रहालयातले कोरीव दरवाजे बघा. तिथे नक्षी डोळ्यांच्या पातळीवर, अगदी जवळून दिसते. शनिवारवाड्याला तर जुन्नरच्या जंगलातला साग आला होता. १८२८ च्या आगीत ते बहुतेक सगळं लाकूडकाम गेलं, आज आपण बघतो ते मुख्यतः दगडाचं. जे लाकूडकाम शहरात उरलंय ते बघायला आपण जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मेळाव्यातर्फे एक फेरी काढू या. सोबत एखादे सुतारकाका असावेत, आणि हो, मानधनासह.

बाभूळगाठ

फेरीला मी वडिलांना घेऊन येतो. विश्रामबागेचे खांब त्यांनी रस्त्यावरून जातायेता पाहिलेत, पण समोर उभं राहून कोणाला समजावून सांगायला त्यांना आजवर कोणी बोलावलेलं नाही.

चौथा_मजला

मी फ्लॅटमध्ये काम करते, बाल्कनीत. कोणाला वाटत असेल की जागा नाही, आवाज होईल, तर सांगते : रंधा आणि करवतीचा आवाज शेजाऱ्यांना जात नाही. ठोकाठोकीचा जातो. कुसू (सांध्यात बसणारी लाकडाची जीभ) बसवायचं भोक पाडायला पटाशी ठोकण्याऐवजी आधी गिरमिटाने भोकं पाडते आणि बाजू नुसत्या दाबाने सोलते. ओट्याच्या पायांखाली रबराच्या चकत्या. दुपारी २ ते ४ काहीही नाही. अजून एकही तक्रार नाही.

काकांनी जमिनीवर बसून पायांनी फळी धरली, ते बघून मला फार धीर आला. ओटा नसला म्हणून काम अडत नाही.

अळशी_आणि_मेण

मेळाव्यात संध्याकाळी अळशीच्या तेलाचं पॉलिश दाखवलं ते मीच. तिथे बोललो होतो, इथे परत लिहितो, कारण हा जिवाचा प्रश्न आहे. अळशीचं तेल हवेतल्या ऑक्सिजनबरोबर संयोग होऊन वाळतं, आणि त्यात उष्णता निघते. तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आतच साठते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. आपल्याकडे शेजारीच भुशाचा ढीग असतो. काम झालं की फडकी दोरीवर एकेक पसरून सावलीत वाळवा, पूर्ण कडक झाली की मग टाका. नाहीतर झाकणाच्या लोखंडी डब्यात पाणी भरून त्यात बुडवा. मेळाव्यात मी फडकी कुंपणाच्या तारेवर वाळत घातली होती, ती याचसाठी.

तेल दोन-तीन हात, प्रत्येक हात पातळ आणि मध्ये दिवसभराची सवड. वर मधमाशीचं मेण. काकांच्या स्टँडला एवढंच केलंय. ज्यांना त्याचे फोटो हवेत त्यांनी सांगा.

लांबची_ढलपी

ढलपीच्या स्पर्धेचं कोणीच लिहिलं नाही! जपानमध्ये केझुरोकाई नावाचे मेळावे भरतात, तिथे काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीच्या ढलप्या काढतात. आपल्याकडे मायक्रोमीटर एकच होता आणि लाकूड साग, त्यामुळे तिथवर जाण्याचा प्रश्नच नव्हता. पण शेवटच्या फेरीतली ढलपी वर्तमानपत्रावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता येत होती. जिंकली ती नववीतली मुलगी, वडिलांबरोबर आलेली. तिने धारेचे दोन्ही तास एकदाही न उठता घालवले होते.

चिपब्रेकर

आणि तिने चिपब्रेकर स्वतः लावला होता, मी बघत होतो. मला अतिशय आनंद झाला.

सागरेषा

सगळ्यांचे आभार. वर आलेल्या सूचनांवरून पुढचं ठरवतोय, हरकत असेल तर इथेच सांगा.

विश्रामबाग वाडा आणि केळकर संग्रहालयाची फेरी दिवाळीनंतरच्या एका रविवारी. बाभूळगाठ, तुमचे वडील मार्गदर्शक. त्यांचं मानधन किती ठेवायचं ते त्यांना विचारून मला खासगीत कळवा, आपण आपल्या मनाने आकडा ठरवणार नाही.

पुढचा मेळावा विश्वकर्मा जयंतीच्या आसपास, म्हणजे माघ शुद्ध त्रयोदशीच्या जवळचा रविवार. तेव्हा हवा कोरडी असते, तेलपॉलिशला बरी. मुळशीच्या काकांना कुसू-भोकाचा सांधा शिकवायला बोलावलंय, त्यांनी होकार दिलाय. प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चौरंग सुरू करायचा. लाकडाचे तुकडे टिंबर मार्केटमधून एकत्र आणू, त्यासाठी दोन जण हवेत, टेम्पोची सोय माझ्याकडे. वर्गणीत पहिली रक्कम कारागिरांची, त्यानंतर लाकूड, त्यानंतर जेवण.

धारेचे दगड ज्यांच्याकडे जास्त आहेत त्यांनी नावं नोंदवा. या वेळी रांग लागली होती.

हळदीकुंकू

१००० आणि ६००० चे माझ्याकडे आहेत, आणते. लाकूड आणायलाही येते.

नवशिका_कोथरूड

लाकडासाठी दुसरा मी.